थांबलेल्या दिवसाची शालेय कथा कशी लिहावी

जपानी शालेय कथांमधली हुरहुर आपल्या गावच्या शाळेत उतरवायची असेल, तर आधी तिथले वर्ष समजून घ्यावे. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. त्यामुळे निरोपाचा दिवस साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, बहराच्या तोंडावर येतो, आणि तो बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. मात्र साकुरा उसना आणू नये. विदर्भात दहावीची परीक्षा होते तेव्हा बांधावरचा पळस अंगावर पान नसताना पेटलेला असतो, आणि पुढचे सत्र उन्हामुळे जूनअखेरीस उघडते, तोवर वर्गातली कितीतरी मुले नागपूर-अमरावतीला खोली शोधायला निघालेली असतात.

यानंतर कथेत थांबून राहणारा दिवस निवडावा. येथे घाई करू नये. पुष्कळजण निरोप समारंभ निवडतात. माझ्या मते ती चूक आहे, कारण त्या दिवशी सगळे संपलेलेच असते. मामोरू ओशी यांच्या १९८४ च्या ‘ब्युटिफुल ड्रीमर’ या चित्रपटात शाळेच्या उत्सवाचा आदला दिवस पुन्हापुन्हा उजाडतो, कारण आदल्या दिवशी हातात काम असते आणि उद्याची ओढही असते. आपल्याकडे ही गॅदरिंगची आदली संध्याकाळ होय. ती अगदी जवळून लिहावी: सुतळीला पताका चिकटवताना कणकेची खळ बोटांना लागते, वाळली की कातडी ओढली जाते, आणि हात तसेच घेऊन मुली मानव विकास योजनेच्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या बसकडे धावतात. ‘काळ थांबावा’ असे कोणत्याही पात्राच्या तोंडी घालू नये; एकीने ती खळ रात्री मुद्दाम धुतली नाही, एवढे लिहिले तरी पुरते.

थांबलेला काळ सुटणार कसा, हेही आधीच ठरवावे. ‘हारुही सुझुमिया’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या २००९ मधील सलग आठ भागांत ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा १५,५३२ वेळा फिरतो, आणि सुटतो तो सुट्टीचा गृहपाठ सर्वांनी एकत्र बसून पूर्ण केल्यावर. राहून गेलेले काम इतके साधे असावे. आपल्या कथेत ती अबोला धरलेल्या मैत्रिणीची परत न केलेली प्रयोगवही असू शकेल. ती वही कथेच्या पहिल्याच पानावर, सहज नजरेत भरणार नाही अशी, दप्तरात ठेवून द्यावी.

वही परत गेली की कंडक्टरला डबल बेल देऊ द्यावी आणि कथा तिथेच सोडावी. वीस वर्षांनी गावी परतून आठवणी सांगणारा निवेदक जोडू नये.