अर्ध्या किलोचं विमान: घरी बांधा, माळावर उडवा

माझं पहिलं विमान तीनेक सेकंद उडालं. बॅटरी पंखाखालच्या रिकाम्या जागेत अगदी मापात बसत होती, म्हणून मी तिथेच ठेवली. हातातून सुटल्याबरोबर विमानानं बुजलेल्या घोड्यासारखं नाक वर केलं, क्षणभर हवेत लटकलं आणि शेपटीवर आदळलं. मोटर नवी होती, रिमोट चांगला होता. चूक एवढीच, की बॅटरी वीतभर मागे होती.

तेव्हापासून नवशिक्या कुणी मोटर कुठली घेऊ असं विचारलं, की मी आधी तोलाबद्दल बोलतो. या लेखातही तेच होणार आहे.

काय बांधायचं

पहिल्यांदाच मिग किंवा राफेल बांधायला जाऊ नका. पंख वर असलेलं, साधं, बोजड दिसणारं ‘हाय विंग ट्रेनर’ बांधा. पंखांची लांबी 110 सेंमी, रुंदी 18 सेंमी, धड 80 सेंमी. पंखांवर हलणारे भाग, म्हणजे एलेरॉन, ठेवायचे नाहीत. मोटरचा वेग, वर-खाली करणारा एलेव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर, एवढं पुरतं. सगळं मिळून वजन 500 ग्रॅमच्या आसपास भरतं. जितकं हलकं, तितकं ते सावकाश उडतं आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

सामान

5 मिमीची डेप्रॉन (थर्माकोलसारखा हलका, पण दाट फोम) शीट, ब्रशलेस मोटर (ए2212, 1000 केव्ही), 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट), 9 ग्रॅमचे दोन सर्व्हो (एलेव्हेटर आणि रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसिव्हरसह रिमोट, तीन सेलची 1300 एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, तिचे सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर आणि 10 इंची प्रॉपेलर. मोटरवरचं ‘केव्ही’ म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे मारते, त्याचा तो आकडा. सगळ्यात जास्त पैसे रिमोटला जातात, पण तो पुढच्या दहा विमानांना चालतो. तिथे काटकसर नको.

गोंदाची एक गंमत आधीच सांगतो. झटकन चिकटवणारा साधा सुपर ग्लू डेप्रॉनला लावलात तर शीट वितळून खड्डा पडतो. चपलांना वापरतात त्या उग्र वासाच्या सोल्यूशननंही तेच होतं. फोमला चालणारा वेगळा गोंद मिळतो, नाहीतर हॉट ग्लू थोडा निवू देऊन वापरा. आधी कातरणावर लावून बघा.

पंख

शीटचा 18 सेंमी रुंद पट्टा कापा. त्याच्यावर, पुढची कड जुळवून, 9 सेंमी रुंदीचा दुसरा पट्टा चिकटवा. पंखाच्या पाठीवर मधोमध एक पायरी तयार होते. गोलाई देण्याची कटकट नाही, आणि तरीही पंख उत्तम उचलतो. या पायरीदार पंखाचं पेटंट रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फॉगलमन यांच्या नावावर 1972 साली नोंदलं गेलं, आणि त्याची सुरुवात कागदी विमानापासून झाली होती. आरसीवाले, म्हणजे रिमोट कंट्रोलची विमानं उडवणारे, त्याला ‘केएफ’ पंख म्हणतात. पुढची कड सँडपेपरनं गोल करून घ्या.

दोन थरांच्या मध्ये खाच करून 6 मिमीची कार्बन ट्यूब बसवा. कार्बन मिळालं नाही तर बांबूची कामटी घ्या, मात्र पतंगाची नको, चांगली बोटभर रुंद. पंखाचे दोन अर्धे भाग वेगळे करून मधे असे जोडा, की मध्य टेबलावर टेकला असताना दोन्ही टोकं 5 सेंमी वर राहतील. जोड आतून प्लायच्या इंग्रजी व्ही आकाराच्या तुकड्यानं आणि खालून धाग्याच्या टेपनं पक्का करा. हा बाक शोभेसाठी नाही. एलेरॉन नसलेलं विमान रडरनं वळतं ते या बाकामुळेच, आणि एक पंख झुकला तर तो सावरला जातो तोही यामुळेच.

धड आणि शेपूट

धड म्हणजे 6 सेंमी रुंद, 7 सेंमी उंच लांबट खोका, शेपटीकडे निमुळता. नाकावर 3 मिमीचा प्लाय लावून त्यावर मोटर स्क्रूनं बसवा, आणि ती दोन-तीन अंश खाली व उजवीकडे रोखलेली ठेवा. मोटर सरळ बसवली तर थ्रॉटल देताच, म्हणजे मोटरचा वेग वाढवताच, विमान वर चढतं आणि डावीकडे ओढतं.

पंखाची पुढची कड नाकापासून 20 सेंमीवर येऊ द्या आणि तिच्याखाली शीटची एक पट्टी घाला. त्या 5 मिलिमीटरनं पंखाला दीड अंशाची चढण मिळते, तेवढी हवीच. पंख गोंदानं चिकटवू नका. धडातून आरपार दोन काड्या घाला (चायनीज खायच्या चॉपस्टिक्स चालतात) आणि पंख रबरबँडनं आवळा. विमान पडलं की पंख निसटून बाजूला होतो, मोडत नाही.

शेपटीचा आडवा पंख 40 बाय 10 सेंमी, त्यातले मागचे साडेतीन सेंमी एलेव्हेटर. उभा पंख 15 सेंमी उंच, मागचे 5 सेंमी रडर. कापलेल्या कडेला 45 अंशांची उतरण देऊन वरून टेप लावली की बिजागरी झाली. सर्व्होपासून शेपटीपर्यंत 1 मिमीची स्टीलची तार जाते. ती वाकू नये म्हणून बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलीचे तुकडे धडाला चिकटवून त्यांतून ओवा. रिफिली आधी स्पिरिटनं धुवा, नाहीतर शाई तुम्हाला आठवडाभर बोटांवर दिसेल.

वायरी

प्रॉपेलर काढून ठेवा. घरात, टेबलावर, प्रॉप लावून मोटर कधीच फिरवायची नाही. दहा इंची प्रॉप बोटावर काय करतो ते मी पाहिलं आहे, वर्णन करत नाही.

मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. रडरचा सर्व्हो रिसिव्हरच्या पहिल्या चॅनलला लावा, म्हणजे रडर आणि एलेव्हेटर रिमोटच्या एकाच, उजव्या काडीवर येतात. आता विमानाच्या मागे उभं राहून बघा: काडी उजवीकडे, तर रडर उजवीकडे, काडी स्वतःकडे ओढली, तर एलेव्हेटर वर. रिमोट बंद पडला तर मोटर थांबते ना, हेही तपासा. रिमोट आधी चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना बरोबर उलट.

तोल

आता ज्यावर सगळा तोल ठरतो, ते पाच सेंटिमीटर.

बॅटरी जोडून, पंख आवळून, प्रॉपसकट सगळं जागेवर बसवा. पंखाच्या पुढच्या कडेपासून 5 सेंमीवर, धडाच्या दोन्ही बाजूंना, खालून पेननं ठिपके काढा. त्या ठिपक्यांवर दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. शिसं चिकटवत बसू नका, कारण बॅटरी हेच तुमचं वजन. म्हणूनच तिच्यासाठी खण आधी न बनवता तोल बघून मगच वेलक्रो लावायचा.

मग प्रॉप काढून, त्याच्या वजनाचं एखादं नाणं नाकावर टेपनं लावून, मऊ गवतावर जा. एलेव्हेटर सरळ असला पाहिजे, म्हणून रिमोट आणि बॅटरी चालू ठेवा. वाऱ्याकडे तोंड करून विमान सरळ फेका, वर नाही; भाला फेकल्यासारखं, पण हलक्या हातानं. दहा-पंधरा मीटर तरंगत जाऊन पोटावर टेकलं तर झालं. नाक खुपसत असेल तर एलेव्हेटर एक-दोन मिलिमीटर वर करा. नाक वर करून, थबकून पडत असेल तर बॅटरी आणखी पुढे घ्या. हे वीस वेळा करा. मोटर न लावता नीट तरंगणारं विमान मोटर लावल्यावर त्रास देत नाही.

कुठे आणि कधी

ड्रोन नियम 2021 मानवरहित विमानांनाही लागू आहेत. 250 ग्रॅमच्या वरचं विमान ‘मायक्रो’ गटात येतं. नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो, छंदासाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरवी आहे का ते बघा. हिरव्या भागात 120 मीटरपर्यंत मुभा, विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 60 मीटरपर्यंत. त्याच्या आत परवानगीशिवाय नाही.

जागा म्हणून गावाबाहेरचा माळ उत्तम. आमच्याकडे थंडीत सकाळी सात ते नऊ वारा पडलेला असतो, तेव्हा उडवतो. बाभळी लांबून किरकोळ वाटतात, पण विमान नेमकं त्यांतच जाऊन बसतं. घार चौकशीला येते. ती आली की खाली उतरा. पोरंही जमतात. “काका, यात बसता येईल असं कधी करणार?” हा प्रश्न ठरलेला. त्यांना मी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट सांगतो, आणि सगळ्यांना माझ्या पाठीमागे उभं करतो.

उडवणं

पहिल्या दिवशी रिमोट जाणत्याच्या हातात द्या. तो ट्रिम करून देईल, म्हणजे काड्या सोडल्या तरी विमान सरळ उडेल असं बसवून देईल. तसा कुणी नसेल तर मित्राला फेकायला सांगा, म्हणजे तुमचे दोन्ही हात काड्यांवर राहतील. थ्रॉटल तीन-चतुर्थांश, विमान वाऱ्याच्या तोंडावर, नाक सपाट. सुटल्यावर काही करू नका. खरंच काही करू नका. ते आपोआप चढतं. तीस मीटरवर गेलं की थ्रॉटल अर्धा करा आणि मोठी, सावकाश वळणं घ्या.

विमान तुमच्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि बहुतेक विमानं तिथेच मोडतात. उपाय सोपा आहे: जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला काडी न्या. पंख वर येतो.

पहिले काही दिवस सहा मिनिटांचा गजर लावा. उतरताना वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल बंद, पंख सपाट. जमीन गुडघाभर राहिली की काडी जराशी ओढा.

लिपोचा एक सेल भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो. 3.5च्या खाली तो जाऊ देऊ नका, आणि ठेवून देताना 3.8वर आणून ठेवा. चार्जिंग फरशीवर, तुमच्या डोळ्यांसमोर. फुगलेली बॅटरी पुन्हा जोडायची नाही.

विमान पडणारच. डेप्रॉन मोडतो तसा जोडलाही जातो. अर्ध्या तासात पुन्हा उडवता येतं. पण दुरुस्तीनंतर ते दोन ठिपके विसरू नका. शेपटीला लावलेला 5 ग्रॅम गोंद भरून काढायला 115 ग्रॅमची बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे घ्यावी लागते. मी खोक्याच्या आत बॅटरीच्या जागेवर पेन्सिलीनं रेघ मारतो, तारखेसकट. सध्याच्या विमानात अशा सात रेघा आहेत, प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा थोडी पुढे.