जुन्या आरएक्स १००च्या टाकीला टचअप

यामाहाची ही मोटरसायकल १९९६ पर्यंतच निघाली, त्यामुळे रंग उडाला म्हणून सगळी टाकी खरवडायची घाई करू नका. गंज फक्त झाकणाभोवती आणि गुडघे घासतात तिथे असेल, तर टचअप पुरतो.

पेंटरकडे जाताना कॅटलॉगमधला रंग दाखवू नका, टाकीच काढून न्या. सीटखाली दबलेल्या भागाला ऊन लागलेलं नसतं, तिथे मूळ रंग दिसतो. वरचा मात्र विटलेला असतो. शेड वरच्याशी जुळवायला सांगा, नाहीतर ठिगळ लांबूनच ओळखू येतं. नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पास करू नका, बाहेर उन्हात धरून बघा.

खरं काम लांबीचं, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचं. गंज पत्रा चमकेपर्यंत घासायचा, प्रायमर, मग पातळ लांबी, वाळली की ४०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. डोळे मिटून बोट फिरवा. कड लागली तर पुन्हा घासायला लावा, पेंटर कितीही वैतागला तरी. रंगाआधी ८०० नंबर.

वर टू-के क्लिअरच मारून घ्या, म्हणजे हार्डनर घातलेला पारदर्शक थर. साध्या लॅकरवर पेट्रोल सांडलं की रंग सुटतोच. स्टिकर क्लिअरच्या आधी लावायचे.

पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये हे काम देऊ नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आणि काळ्याची लाल करायची हौस असेल, तर आधी आरटीओत आरसीवर रंगबदलाची नोंद करायची तयारी ठेवा.