एअर रायफल पार्सलने पाठवताना: पकड कमरेला, टोकाला नाही

हे सगळं दहा मीटरच्या स्पर्धेच्या एअर रायफलीबद्दल आहे. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास), दाबाच्या हवेचा सिलिंडर, वजन चार-पाच किलो. ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० ज्यूलच्या आत शक्ती असलेल्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यातून सूट आहे, म्हणून ती सर्व्हिसिंगला पार्सलने पाठवता येते. आपला नेमबाज स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला कांस्यपदक मिळवलं तो प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने). ती .२२ रायफल, म्हणजे परवान्याचं शस्त्र. तिची ने-आण वेगळ्या नियमांनी होते, तिला हा लेख लावू नका.

कोल्हापुरातून रायफल पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला जाते तेव्हा खोका निदान चार-पाच वेळा उतरतो, चढतो. लांबट खोका कुणीही आडवा ठेवत नाही, जागा वाचते म्हणून भिंतीला उभा करतात. मग तो घसरतो. पॅकिंग करायचं ते हे धरून. ‘फ्रॅजाइल’चं स्टिकर खुशाल लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

हवा काढा

‘थोडी हवा राहू दे, नाहीतर सील सुकतात’ हा सल्ला रेंजवर हमखास मिळतो. पार्सलच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. भरलेला सिलिंडर २०० बार दाबाचा असतो आणि तो कुणी घेणारही नाही, घेऊ नयेच. सिलिंडर रायफलीवरून काढा, कंपनीने दिलेला हवा सोडायचा स्क्रू त्यावर बसवा आणि हळूहळू फिरवा. एकदम सोडली तर सिलिंडर बर्फासारखा गार पडतो आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यावर लगेच दव धरतं. दोन-तीन टप्प्यांत सोडा, मध्ये थांबा. गेजचा काटा शून्यावर आला म्हणजे काम झालं असं नाही. स्क्रू पूर्ण आत असताना कानाशी धरल्यावर सूं आवाज अजिबात येता कामा नये. मग सिलिंडरच्या तोंडाला टोपण लावा.

सिलिंडर काढला तरी रायफलीत थोडी हवा अडकलेली असते. छर्रा नाही याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, आवाज मरेपर्यंत रिकामे बार काढा. त्यानंतर नळीतून सेफ्टी फ्लॅगची दोरी (नळी रिकामी असल्याची खूण) घाला आणि ती तशीच राहू द्या. खोका उघडणाऱ्याला पहिली तीच दिसली पाहिजे.

जाता जाता सिलिंडरवरची मुदतीची तारीख वाचून घ्या. मुदत संपलेला असेल तर तो याच पार्सलमधून जातो, वेगळा पाठवायचा खर्चही वाचतो.

सुटे भाग

डायॉप्टर (मागची साइट), पुढची साइट, चीकपीस (गाल टेकवायचा भाग), बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), जादा वजनं, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर): सगळं काढा. काढण्याआधी प्रत्येक पट्टीवरचा आकडा दिसेल असा फोटो घ्या आणि डायॉप्टर रेलवर (साइट बसवायची पट्टी) जिथे बसतो तिथे पेन्सिलीची बारीक रेघ मारा. प्रत्येक भागाला वेगळी पिशवी. छऱ्यांचा डबा या खोक्यात टाकू नका. ५०० छऱ्यांचा डबा पाव किलोच्या वर भरतो आणि खोक्यात सुटा झाला की हातोड्याचं काम करतो.

खरी मेख: रायफल खोक्यात सरकू न देणं

बहुतेकांचा समज असा की रायफल वरून वजन पडल्याने मोडते. मोडते ती आतल्या आत सरकून. खोका टोकावर आपटतो, खोका थांबतो, चार किलोची रायफल थांबत नाही. मग नळीचं तोंड पुठ्ठा फोडून बाहेर येतं, किंवा मागच्या बाजूला बटप्लेटचा दांडा वाकतो. म्हणून लोक काय करतात? नळीच्या तोंडाला बबल रॅपचा बोळा बांधतात. एका आपट्यात त्याचे फुगे फुटतात आणि पुढच्या आपट्याला तिथे काहीच उरत नाही. थर्मोकोलचे गोळे तर त्याहून वाईट. जड वस्तू हादऱ्यांनी त्यांच्यातून खाली उतरत जाते आणि पुण्याला पोचेपर्यंत तळाला टेकलेली असते.

तालमीत पैलवानाला कमरेला धरतात, बोटाला धरून कुणी थोपवत नाही. रायफलीचंही तेच. आपट्याचा जोर स्टॉकच्या (नळी ज्यावर बसते तो सांगाडा) धडाने घ्यायचा. नळी, साइटची रेल आणि ट्रिगर यांच्यावर तो अजिबात येता कामा नये.

सामान असं लागतं: ५० मिमी जाडीचा ईपीई फोम (पांढरा, दाबला तर परत वर येणारा), थोडा २५ मिमीचा, ६ मिमी आणि १२ मिमी प्लायवुडचे तुकडे, धारदार कटर, ग्लू गन. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग बाहेरगावी जातं, त्यामुळे हा माल विकणारे आपल्याकडे आहेत. ऑनलाइन मागवत बसू नका. गादीवाल्याकडचा स्पंज मात्र घेऊ नका. तो दाबला की दबलेलाच राहतो, वर पाणी धरून ठेवतो.

खोक्याच्या तळाला ५० मिमीचा अखंड थर. त्यावर दुसऱ्या ५० मिमीच्या थरावर रायफल आडवी ठेवून पेन्सिलीने आकार काढा, बोल्टची मूठ वरच्या बाजूला. आता कापताना स्टॉकच्या भागात रेघेच्या तीन-चार मिमी आतून कापा. रायफल दाबून बसवावी लागली पाहिजे. अलगद पडत असेल तर तो तुकडा वाया गेला असं समजा, फटीत चिंध्या कोंबून तो सुधारत नाही. ट्रिगरभोवती उलट करा: दोन-अडीच सेंटीमीटर मोकळं कापा. नळीच्या भोवतीही तसंच, नळी फोमला कुठेच टेकू नये. पहिल्यांदा कापताना हात इथेच चुकतो. सगळीकडे सारखं घट्ट कापलं जातं, खोका वाकला की फोम नळीला रेटतो, आणि ज्या नाजूक भागासाठी एवढा खटाटोप केला त्याच्यावरच जोर येतो.

यानंतर दोन अडसर, पुढे एक आणि मागे एक.

मागचा सोपा आहे. बटप्लेट काढल्यावर स्टॉकचं मागचं टोक उघडं पडतं. त्याला ६ मिमी प्लायचा तळहाताएवढा तुकडा टेकवा आणि प्लाय ते खोक्याची भिंत ही जागा फोमच्या ठोकळ्याने गच्च भरा. प्लाय कशाला? टोक लहान असतं, नुसता फोम असला तर ते त्यात सुरीसारखं घुसतं. प्लायने जोर पसरतो.

पुढचा अडसर फोरएंडच्या (स्टॉकचा पुढचा भाग) पुढच्या तोंडाला लागतो, नळीच्या खाली, सिलिंडर काढल्याने मोकळ्या झालेल्या जागेत. इथेही आधी प्लाय, मग फोम, थेट खोक्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत. प्लायची वरची कड नळीपासून दोन सेंटीमीटर तरी खाली ठेवा. सिलिंडर ज्या आट्यांवर बसतो तिथे टोपण लावलेलं असू द्या आणि प्लाय त्यांना टेकू देऊ नका. त्या आट्या गेल्या तर दुरुस्तीचं बिल पार्सलच्या कितीतरी पट होईल. ट्रिगर गार्डला अडसर लावायचा मोह होतो, कारण तो खुंटीसारखा समोर दिसतो. तो पातळ पत्रा आहे, वाकतो. लाकडी पिस्तूल ग्रिपलाही (हाताने धरायची मूठ) एकटीला जोर देऊ नका.

नळीच्या तोंडापुढे सहा सेंटीमीटर निव्वळ रिकामी जागा सोडा. तिथे काहीही भरू नका, कितीही हात शिवशिवले तरी. फक्त खोक्याच्या दोन्ही टोकांना आतून १२ मिमी प्लाय लावा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पार्सलचा कोपरा आत घुसणार नाही.

तपासणी केल्याशिवाय टेप लावायचा नाही. ग्रिपच्या कडेला फोमवर पेन्सिलीची रेघ मारा, वरचा फोम ठेवून खोका सुतळीने बांधा. नळीकडच्या टोकावर उभा करून दहा मिनिटं ठेवा, चार वेळा वीतभर उचलून टेकवा. मग उलट्या टोकावर तेच. उघडून रेघ बघा. दोन-तीन मिमी हललं असेल तर चालेल. सेंटीमीटरभर हललं असेल तर अडसर सैल आहेत, नवे कापा.

ओल

जून ते सप्टेंबर गुळाच्या ढेपेलाही पाणी सुटतं अशी आपली हवा. उघड्या लोखंडी भागांवरचे बोटांचे डाग तेलाच्या फडक्याने पुसा (हवेच्या मार्गात तेल जाऊ देऊ नका), रायफल व्हीसीआय पिशवीत (गंज रोखणारी प्लास्टिकची पिशवी) घाला, सोबत ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि पिशवीचं तोंड टेपने पूर्ण बंद करा. तोंड उघडं राहिलं तर सिलिका जेल खोलीतली ओल शोषत बसतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. फोम कापताना माप पिशवीसकट धरा.

खोका आणि कागद

सात-प्लाय पुठ्ठ्याचा खोका, आतून साधारण १२० × ३० × २० सेंटीमीटर. हार्ड केस असेल तर तीही बाहेरच्या खोक्यातच घाला, नाहीतर तिची मूठ आणि कड्या पहिल्या जातात. मोठा खोका घेण्याआधी हिशेब करा: बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात. वरच्या मापाला १४.४ किलो लागतात. उंची २० ऐवजी ३० केली की तेच २१.६ होतात, रायफल तेवढीच असली तरी.

सुटे भाग आणि सिलिंडर वेगळ्या लहान डब्यात, तो डबा स्टॉकच्या बाजूला फोममध्ये रुतवलेला. सगळ्या कडांना रुंद टेप, मग आडव्या तीन पॅकिंग पट्ट्या.

कुरिअर नेमकं काय घेतं ते पॅकिंगच्या आधी विचारा. काही जण रिकामा सिलिंडरही नाकारतात. कागदावर खरं लिहा: ‘१० मीटर स्पर्धेची एअर रायफल, ४.५ मिमी, सिलिंडर रिकामा’. ‘खेळाचं साहित्य’ एवढंच लिहून चालवून घ्या म्हणणारे भेटतील. एक्स-रेमध्ये रायफलीचा आकार दिसला की पार्सल अडकतं आणि चुकीच्या नोंदीमुळे विम्याचा दावाही अडचणीत येतो. खोक्याच्या बाहेर मात्र रायफलीचं नाव, कंपनीचं चित्र काही नको, फक्त पत्ते. बिलाची प्रत, सूट असलेल्या गटात बसते हे दाखवणारं कंपनीचं माहितीपत्रक आणि हवा काढल्याची चिठ्ठी अशा तीन कागदांचा एक संच आत, एक बाहेरच्या पाकिटात. विमा पूर्ण किमतीचा.

झाकणाच्या आतल्या बाजूला भरलेल्या खोक्याचा फोटो चिकटवा आणि खाली लिहा: ‘परत पाठवताना असंच, नळीपुढे काही भरू नये’. सर्व्हिसिंगवाले काम चोख करतात, पण परतीच्या पॅकिंगला तिथला जो मोकळा असेल तो पोरगा बसतो, आणि त्याला ती सहा सेंटीमीटरची रिकामी जागा बघवत नाही.