नर्सिंग होममधील जंतुसंसर्ग : या चुका टाळा

नागपुरातील धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या नर्सिंग होममध्ये शिरताच फिनाइलचा वास आला की नातेवाइकांना हायसे वाटते. परंतु जंतुसंसर्ग फरशीपेक्षा कर्मचाऱ्यांच्या हातांवाटे आणि रुग्णाला लावलेल्या नळ्यांवाटे अधिक पसरतो, आणि नेमके तिथेच दुर्लक्ष होते.

हातमोज्यांचा एकच जोड घालून तीन रुग्णांची कामे उरकली, तर ते मोजे घालणाऱ्याचे रक्षण करतात, रुग्णाचे नव्हे. प्रत्येक रुग्णानंतर मोजे काढून हँडरब (हातांवर चोळायचे जंतुनाशक द्रावण) 20 ते 30 सेकंद चोळावे. हात मळले असल्यास साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद धुवावेत. हँडरबची बाटली काउंटरवर नव्हे, प्रत्येक खाटेपाशी हवी, कारण धावपळीच्या पाळीत दहा पावलांचे अंतरही हात धुणे टाळायला पुरेसे ठरते.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे लघवीची नळी केवळ सोयीसाठी राहू देणे. ती जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून रोज सकाळच्या राउंडला ‘आज हिची गरज आहे का?’ हे विचारून उत्तर केसपेपरवर लिहावे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता असावी. सोनोग्राफीला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवल्यास साचलेली लघवी उलटी वाहते. ताप आल्यास कल्चरसाठी (जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी) लघवीचा नमुना पिशवीतून घेऊ नये, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीच घ्यावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांकडे सरकला की, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे द्रावण लवकर निकामी होते. 5 टक्के द्रावणाच्या एका भागात चार भाग पाणी घालून 1 टक्क्याचे द्रावण रोज ताजे करावे व सावलीत झाकून ठेवावे. सांडलेले रक्त आधी टिपून घ्यावे, मगच त्या जागी हे द्रावण ओतावे. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासाव्यात, कारण डेंगीच्या डासाची अंडी तिथेच चिकटतात.

एकाच आठवड्यात दोन-तीन रुग्णांच्या सलाइनच्या जागी सूज किंवा पू दिसला, तर नुसते औषध बदलून थांबू नये. त्यांना कोणत्या पाळीत सुई लावली आणि कोणती मल्टिडोस (अनेक डोस काढायची) औषधाची बाटली वापरली, हे ताडून पाहावे. बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल, तर ती त्याच क्षणी वापरातून काढावी.