पूर येण्याआधी भरून ठेवायची पिशवी

पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जून संपण्यापूर्वी एक पिशवी भरून ठेवावी आणि ती भरताना एकच कसोटी लावावी : घरातल्या एका माणसाला ती पाठीवर घेऊन, दोन्ही हात मोकळे ठेवून नावेत चढता आले पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, त्यामुळे बाहेरची मदत येईपर्यंत निदान तीन दिवस निभावतील एवढ्याच वस्तू घ्याव्यात. नवी पिशवी विकत घेण्याची गरज नाही. मुलांचे जुने, पण पट्टे शाबूत असलेले दप्तर पुरते.

सर्वांत जास्त काळजी कागदपत्रांची घ्यावी. सातबारा पुन्हा काढता येतो, आधारची प्रतही मिळते. पण मूळ खरेदीखत आणि शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रे पुन्हा मिळवताना फार हेलपाटे पडतात, म्हणून ती आधी भरावीत. नंतर पंचनामा आणि अनुदानासाठी लागणारे बँक पासबुक व रेशनकार्ड घ्यावे. हे सारे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी, तोंडाला पीळ द्यावा, पिळलेला भाग दुमडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधावा आणि हे पुडके दुसऱ्या पिशवीत उलटे घालून तीही तशीच बांधावी. सर्व कागदांचे, आणि जनावरे असल्यास त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे, फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत.

रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांची औषधे किमान आठवड्याची असावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी, कारण अनोळखी गावातला औषधविक्रेता तिच्याशिवाय गोळ्या देत नाही.

चार माणसांचे तीन दिवसांचे पाणी वाहून नेणे शक्य नसते. माणशी एक लिटरची बाटली घ्यावी आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे थेंब विकत आणावेत. गढूळ पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळून, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकून, अर्धा तास थांबून मगच प्यावे. ओआरएसची पाकिटेही ठेवावीत.

शिदोरीसाठी शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू आणि भडंग उत्तम, कारण त्यांना चूल लागत नाही. तान्हे बाळ वरच्या दुधावर असल्यास दुधाची पावडर मात्र विसरू नये. याखेरीज बॅटरी (तिचे सेल काढून वेगळे ठेवावेत), शिट्टी, सॅनिटरी पॅड, प्रत्येकाचा एक कोरडा कपडा, जुना चश्मा आणि दहा ते शंभरच्या नोटा घ्याव्यात. वीज गेल्यावर एटीएम आणि मोबाईलवरचे व्यवहार दोन्ही ठप्प होतात. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांकडे सरकू लागले की मोबाईल, चार्जर आणि चालू औषधे आत टाकून पिशवी दाराशी आणावी. सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीत पाणी धोका पातळीच्या आधीच शिरते, त्यामुळे तिथल्या रहिवाशांनी ४३ फुटांची वाट न पाहता, रस्ता उघडा असतानाच निघावे.