२,१४,७४,८३,६४७ : एका मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म कसे तपासावेत

मोठी संख्या समोर आली की तिला २, ३, ५, ७ असे क्रमाने भागत बसण्याआधी तिची घडण पाहावी. ही संख्या २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळते, म्हणून द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ती सलग ३१ एकांनी लिहिली जाते. यावरून वहीत सर्वांत वर एक ओळ लिहून ठेवावी : या संख्येने किंवा तिच्या कोणत्याही विभाजकाने २^३१ ला भागल्यास बाकी १ उरते.

आता ती मूळ आहे का, हे पाहू. घातांक मूळ असला म्हणजे काम झाले असे मानू नये. २^११ − १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९ आहे. समजा, आपल्या संख्येला q हा मूळ विभाजक आहे. ३१ स्वतः मूळ असल्याने q ने भागल्यावर २ च्या घातांच्या बाक्या ३१ पावलांनीच पुन्हा येतात, आणि फर्माच्या लघुप्रमेयानुसार (q ने भागल्यावर २ च्या q − १ व्या घाताची बाकी १ उरते) ३१ ने q − १ ला भाग जातो. q विषम असल्याने तो ६२k + १ या रूपाचाच असतो. शिवाय २^३२ ची बाकी २ उरते, म्हणजे २^१६ चा वर्ग केल्यास २ मिळतात, आणि हे तेव्हाच घडते जेव्हा q ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८n + १ आणि २४८n + ६३ एवढीच रूपे राहतात. वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा किंचित कमी असल्यामुळे तपासायला ३७३ संख्या उरतात, आणि त्यांतील बहुतेक संयुक्त असल्याने आपोआप गळतात. ऑयलरने १७७२ मध्ये ही संख्या मूळ असल्याचे याच वाटेने दाखवले.

एवढे भागाकार नको असतील तर २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा संख्यांसाठीची लुका-लेमर कसोटी वापरावी. ४ पासून सुरुवात करून दरवेळी वर्ग करावा, २ वजा करावेत आणि बाकी घ्यावी. २९ व्या पायरीला शून्य आले की संख्या मूळ ठरते. सरावासाठी आधी २^५ − १ म्हणजे ३१ घ्यावी : ४, १४, ८, ०. बाकी काढण्यासाठीही वरची ओळच उपयोगी पडते, कारण वर्गाचे द्विमान रूप खालच्या ३१ अंकांपाशी तोडून दोन्ही तुकड्यांची बेरीज केली की पुरते.

४ ने भागल्यावर ३ उरत असल्याने ही संख्या दोन वर्गांची बेरीज नाही. २ मिळवल्यास ३ ने आणि २ वजा केल्यास ५ ने भाग जातो, त्यामुळे तिला जुळी, म्हणजे तिच्याहून २ ने लहान किंवा मोठी, मूळ संख्याही नाही.

खरा वेळ द्यावा तो तिच्याहून एकाने लहान असलेल्या संख्येच्या अवयवांना : २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. एखादी संख्या आदिम मूळ आहे का, म्हणजे तिच्या घातांना आपल्या मोठ्या संख्येने भागल्यावर १ पासूनच्या सगळ्या बाक्या येतात का, हे ठरवण्यासाठी त्या लहान संख्येला या सात मूळ अवयवांनी एकेकदा भागावे आणि येणारे भागाकार घातांक म्हणून घेऊन तपासायच्या संख्येच्या त्या घातांची बाकी १ येत नाही ना, हे पाहावे. २ इथे नापास होतो, कारण त्याचा ३१ वा घातच १ देतो. ७ मात्र उत्तीर्ण होतो, आणि ५ हा त्या अवयवांत नसल्याने ७^५ म्हणजे १६,८०७ देखील आदिम मूळ ठरते. म्हणूनच १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी पुरस्कारलेल्या यादृच्छिक संख्यांच्या पद्धतीत, जिथे आधीच्या संख्येला एका ठरावीक गुणकाने गुणून बाकी घेतली जाते, तिथे हा गुणक वापरल्यावर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कोणतीही संख्या पुन्हा येत नाही.