कंपनीची मॅचिंग देणगी: कॅप नंतर बघा, आधी पैसा कुणाच्या खिशातून येतो ते विचारा

आमच्या घरात तीन पगार तीन आयटी कंपन्यांतून येतात. माझा आणि नवऱ्याचा पुण्यातून, दिराचा टेक्सासमधून. तिन्ही कंपन्या म्हणतात, तुम्ही देणगी द्या, त्यावर ठरलेल्या प्रमाणात आम्हीही घालू, म्हणजे मॅच करू. देणगी जायची एकाच ठिकाणी: धारूर तालुक्यातली एक संस्था, जी ऊसतोडीला गेलेल्या मायबापांची लेकरं हंगामभर सांभाळते. त्यामुळं गणपती उठले की आमच्याकडं दर वर्षी एकच चर्चा, यंदा कुणाच्या कंपनीतून द्यायचं?

आठ-नऊ वर्षं हे करतेय. या विषयावर मिळणारा सल्ला बहुतेक एकाच छापाचा: ज्या कंपनीची कॅप, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त किती मॅच करणार ती मर्यादा, मोठी, तिची योजना भारी. हा सल्ला देणाऱ्यानं गावाकडच्या संस्थेला एक रुपयाही पोचवलेला नसतो. मी योजना ताडून बघते ती अशी:

१. धोरणाची मूळ पीडीएफ काढा. इंट्रानेटवरचं पोस्टर नको.

२. प्रमाण, कॅप आणि किमान देणगी लिहून घ्या. दहा मिनिटांचं काम. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्ट वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत आणि ॲपल १०,००० डॉलरपर्यंत मॅच करते, हे ऐकून आपली पोरं हरखतात. पण भारतातल्या ऑफिसला तोच आकडा लागू असेल असं धरून चालू नका, आपल्या देशाचा तक्ता वेगळा बघा. आणि वर्षाला चाळीस-पन्नास हजार देणाऱ्याला दहा लाखांच्या कॅपचं करायचंय काय? त्यापेक्षा "निधी उपलब्ध असेपर्यंत" असे शब्द कुठं आहेत का ते शोधा. ते असतील तर मॅच हक्काचा नाही, रांगेतला आहे.

३. मॅचचा पैसा नेमका कोण देतं ते लेखी विचारा. माझं घोडं इथंच अडलं होतं.

पहिल्याच वर्षी मी तेव्हाच्या कंपनीच्या पोर्टलवरून पन्नास हजार दिले. प्रमाण एकास एक, स्क्रीनवर हिरवी खूण, "मॅच मंजूर". मी लगेच गुरुजींना फोन करून सांगितलं, लाख रुपये धरून चला. गुरुजी म्हणजे संस्थेचे खजिनदार, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. माझ्या शब्दावर त्यांनी तांदूळ, डाळ, तेल उधारीवर उचललं. जानेवारीत त्यांचा फोन आला, "ताई, तुमचं आलं बघा. दुसरं काई दिसंना." एचआरला तीनदा लिहिल्यावर मार्चमध्ये उत्तर मिळालं: मॅच अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं फाउंडेशन देतं, संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही, म्हणून अटींनुसार ती रक्कम यादीतल्या दुसऱ्या संस्थेकडं वळवली. अटी मी वाचल्या नव्हत्या. किराणा दुकानाची उधारी मी दोन हप्त्यांत फेडली.

तेव्हापासून मी योजनांची तुलना करते ती खिशांवरून. खिसे तीन.

पहिला, परदेशी कंपनीचा किंवा तिच्या फाउंडेशनचा. तो पैसा परकीय योगदान ठरतो आणि घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते. ती सहज मिळत नाही. संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत, त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून हे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. शिवाय दर वर्षीचं विवरणपत्र वेगळं. एका हंगामी वसतिगृहाला हे पेलायला चांगला सीए आणि बरीच चिकाटी लागते.

दुसरा खिसा भारतातल्या उपकंपनीचा. इथं लोक उगाच घाबरतात. २०१६ मध्ये एफसीआरएमध्ये दुरुस्ती झाली. परकीय गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत असलेल्या भारतीय कंपनीचा पैसा आता परकीय धरत नाहीत, मालक कॅलिफोर्नियात बसलेला असला तरी. पण हा मॅच बहुतेकदा सीएसआरच्या खात्यातून निघतो, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली नफ्याचे जे दोन टक्के समाजकामावर खर्चायचे असतात त्यातून. मग संस्थेकडं १२ए आणि ८०जी (संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीच्या नोंदण्या), तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी. सीएसआर-१ ऑनलाइन होते. आमच्या गुरुजींची एका दुपारी झाली, फक्त डिजिटल सही आणि सीए समोर पाहिजे.

तिसरा खिसा तुमचा स्वतःचा, आणि परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. दिराकडं भारतीय पासपोर्ट आहे. त्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत थेट संस्थेच्या खात्यात टाकलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. त्याच्या कंपनीनं त्यावर घातलेले मात्र ठरतात. उद्या त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं की त्याचे स्वतःचे पैसेही परकीय, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो नाहीतर नसो. म्हणून तीन योजनांत सगळ्यात मोठी कॅप असलेली त्याची योजना आमच्या कामाला शून्य गुणांची आहे.

"मग एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेच्या नावानं घ्या आणि तिच्याकडून आपल्याकडं वळते करा." हा सल्ला मला चार जणांनी दिला, त्यातले दोन स्वतःला जाणकार म्हणवतात. करू नका. एका नोंदणीकृत संस्थेनं परकीय योगदान दुसऱ्या संस्थेला देणं २०२० पासून बंद आहे, त्या दुसऱ्या संस्थेकडं एफसीआरए नोंदणी असली तरीही. तुमच्या पन्नास हजारांपायी त्या मोठ्या संस्थेची नोंदणी जाऊ शकते.

एचआरला मेल करताना "मॅच मिळेल का?" असं विचारू नका, "हो" एवढंच उत्तर येतं. असं विचारा: मॅचची रक्कम कोणत्या कायदेशीर कंपनीच्या खात्यातून जाते, ती सीएसआरमध्ये धरली जाते का, आणि रक्कम पोचली नाही तर तिचं काय होतं? तिन्हींची उत्तरं लेखी येईपर्यंत संस्थेला कसलाही शब्द देऊ नका.

४. संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. मराठवाड्यात निम्म्या संस्थांच्या नावात "बहुउद्देशीय" असतं, आणि इंग्रजीत हा शब्द प्रत्येक जण वेगळा लिहितो. आमच्या संस्थेच्या पॅनवर मधे दोन यू, बँकेत एकच यू, आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर जोडरेघ. पडताळणी करणारा माणूस बंगळुरूत बसून ही तीन कागदपत्रं बघतो आणि त्याला तीन संस्था दिसतात. पॅनवरचं स्पेलिंग प्रमाण माना, बाकी सगळं त्याप्रमाणं करून घ्या, बँकेपासून सुरुवात करा. पोर्टलवर शोधताना नाव टाकू नका, पॅन किंवा दर्पण क्रमांक टाका. आमच्या नावाची आणखी एक संस्था शेजारच्या जिल्ह्यात निघाली होती. आणि विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट मंजूर आहे ना, तेही विचारा. तो पडून असला की जुन्या अध्यक्षांचंच नाव सगळीकडं चालू राहतं.

५. पैसे कधी हातात पडतात ते बघा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. लेकरांचं जेवण त्या पाच महिन्यांचं. सीएसआरमधून मॅच देणाऱ्या पुष्कळ कंपन्या वर्षाचा हिशेब मार्चमध्ये मिटवतात, म्हणजे पैसा येतो तेव्हा हंगाम सरलेला असतो. माझी आत्ताची कंपनी तिमाहीला देते, नवऱ्याची वर्षातून एकदाच. त्याच्या कंपनीचं प्रमाण दीडपट असूनही निम्म्याहून जास्त रक्कम आम्ही माझ्याकडून देतो, जुलैच्या आत. अमेरिकी योजनांचं वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर असतं, आपलं एप्रिल ते मार्च, हे तारखा लावताना विसरू नका.

६. करसवलत तुलनेत धरू नका. नवीन कररचनेत ८०जीची वजावट मिळतच नाही. जुनीत असाल तर संस्थेकडून देणगीचं १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या, त्यासाठी तिनं ३१ मेपर्यंत १०बीडी, म्हणजे मिळालेल्या देणग्यांचा तपशील, भरलेला लागतो. वजावट फक्त तुमच्या वाट्याची, मॅचची नाही.

७. दुसऱ्याचे पैसे आपल्या नावानं देऊ नका. गावातले लोक म्हणतात, "आमचे वीस हजार तुझ्या नावानं टाक की, दुप्पट होतील." हेतू चांगला असतो, पण कंपनीच्या दृष्टीनं ही फसवणूक आहे. मॅचचे गैरव्यवहार कोर्टापर्यंतही जातात. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या सरकारी वकिलांनी ॲपलच्या सहा माजी कर्मचाऱ्यांवर मॅचिंगच्या गैरवापराचे आरोप ठेवले. दिलेली देणगी गुपचूप परत घ्यायची आणि कंपनीचा मॅच पदरात पाडायचा, असा तो आरोप होता. त्या बातमीनंतर माझ्या कंपनीनं बँकेचा उतारा मागायला सुरुवात केली.

यंदाची आमची मांडणी अशी: माझ्याकडून तीस हजार जूनमध्ये, नवऱ्याकडून वीस हजार डिसेंबरमध्ये, त्यावरचा मार्चमधला मॅच पुढच्या हंगामाच्या गाद्या-चादरींसाठी राखून. दीर त्याचे पैसे थेट बँकेतून पाठवतो, मॅच न घेता. त्याच्या कंपनीची कॅप तो तिकडं नोंदलेल्या एका संस्थेला देऊन वापरतो, तिच्याशी आमच्या धारूरचा काही संबंध नाही. गुरुजींना मी आता आकडा सांगत नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर आला की तेच मला फोन करतात, आणि मगच किराण्याची यादी निघते.